ती तुमची कोण लागत होती?



गेल्या पावसाळ्यात आमची एक मैत्रीण गेली. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात ती राहायची. वय ३६, सिकलसेलचा एसएस आजार. घरच्यांना विचारले नाही म्हणून तिचे नाव इथे देत नाही. खरे सांगायचे तर तिच्या घरचे आम्हाला ओळखतही नव्हते. तिलाही आम्ही कधी पाहिले नाही. सात वर्षांची ओळख, सगळी फोनवरची.

नागपूरच्या वस्त्यांमध्ये आम्ही काही जणी सिकलसेलच्या रुग्णांसाठी काम करतो. आमच्यातली एक पेशंट वॉर्डात भरती असताना शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला हा नंबर दिला होता. "हिच्याशी बोल, हिला सगळं समजते," म्हणून. तिथून एकीच्या दोघी, दोघींच्या दहा जणी झाल्या. संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला : "पानी पेली का?" मग गोळी, मग जेवण, मग घरचे. कोणाची बारावीची परीक्षा आहे, कोण गरोदर आहे, कोणाचा नवरा आजाराचे नाव काढले की चिडतो, तिला सगळे पाठ होते. नर्सिंगच्या शिक्षणातून आम्ही औषध द्यायला शिकलो. पण रात्री दोन वाजता हाडे ठणकत असताना माणसाला काय बोलावे, ते तिच्याकडून शिकलो.

मग तिचा फोन बंद लागू लागला. वाटले, रेंज नसेल, पावसाचे दिवस आहेत. अकराव्या दिवशी तिच्या भावाने फोन उचलला. "ते तर गेली. दहा दिवस झाले. तुम्ही कोन?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही.

वस्तीतही तोच प्रश्न. डोळे सुजलेले पाहून लोक विचारायचे, "ते कोन लागे वो तुमची?" कोणी लागत नव्हती म्हटले की विषय संपायचा. घरात सून-मुलगी गेली तर शेजारी भाकरी आणतात, जलदानाला माणसे येतात, कामावरून सुटी मिळते. मैत्रीण गेली तर दुसऱ्या दिवशी धुणीभांडी ठरल्या वेळेलाच करावी लागतात. त्यातून ती कधी न भेटलेली मैत्रीण असेल तर रडायचीही लाज वाटते.

ही लाज जीवावर बेतू शकते, म्हणून हे आरोग्याच्या पानावर लिहीत आहोत.

आमच्यातली एक मुलगी १९ वर्षांची आहे. तिलाही एसएस आहे. मैत्रीण गेल्याचे कळले तेव्हापासून तिने धड खाल्ले नाही, पाणी प्यायले नाही, हायड्रॉक्सीयुरियाची गोळीही चुकवली. रात्री पावसात उघड्या गच्चीवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी क्रायसिस आला. पाठ, मांड्या, छाती, सगळीकडे कळा. दवाखान्यात भरती करावे लागले. डॉक्टरांनी विचारले, काय झाले होते? ती म्हणाली, काही नाही. फोनवरची मैत्रीण गेली हे सांगायला तिला संकोच वाटला. लोक हसतील असे वाटले.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी लागली, जागरण झाले, मनावर ताण आला, तर हे अडकणे वाढू शकते. आणि दुःखात माणूस नेमके हेच करतो. खात नाही, पीत नाही, झोपत नाही, औषध विसरतो. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, टीबीच्या रुग्णांचेही असेच होते. घरात दुःख असले की त्यांच्या गोळ्या चुकतात. घरातल्यांना दुःख दिसले तर कोणीतरी गोळी हातात देते. लपवलेल्या दुःखात ती कोण देणार?

केनेथ डोका या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९८९ साली अशा शोकावर पुस्तक काढले. समाज ज्याला शोक म्हणून मान्यताच देत नाही, असा शोक. मित्राचा, मोडलेल्या नात्याचा, पोटातच गेलेल्या बाळाचा. दुःख तेवढेच असते, पण आधार नसतो, म्हणून ते जास्त जड होते.

काही जण आम्हाला म्हणाले, "आपण बौद्ध आहोत, सर्व अनित्य आहे, रडता कशाला?" त्यांना आम्ही आनंदाची आठवण करून देतो. सारिपुत्त गेल्यावर चुंद नावाचा श्रामणेर त्यांचे पात्र आणि चीवर घेऊन आला. ते ऐकून आनंद भगवंतांना म्हणाला की माझे शरीर बधिर झाले आहे, मला दिशा समजेनाशा झाल्या आहेत. सारिपुत्त आनंदाचे भाऊ नव्हते, काका नव्हते, सोबती होते. भगवंतांनी त्याला 'तो तुझा कोण लागत होता' असे विचारले नाही. त्यांनी विचारले, सारिपुत्त जाताना तुझे शील, समाधी, प्रज्ञा सोबत घेऊन गेला का? आनंद म्हणाला, नाही, पण ते आम्हाला शिकवायचे, धीर द्यायचे. ते सगळे आनंदाला बोलता आले. अनित्यतेची शिकवण भगवंतांनी दिलीच, पण ती त्याचे तोंड बंद करण्यासाठी नव्हती.

बाबासाहेबांनीही दुःख लपवले नाही. १९२६ साली लाडका राजरत्न गेला, तेव्हा मनातली व्यथा त्यांनी दत्तोबा पवार या मित्राला पत्राने कळवली. लांबच्या मित्राजवळ मन मोकळे करणे ही कमजोरी असती, तर ते पत्र लिहिलेच गेले नसते.

म्हणून आमचे काही सांगणे आहे.

घरात कोणी मित्रासाठी, मैत्रिणीसाठी रडत असेल तर नाते विचारू नका. "जेवलीस का, गोळी घेतलीस का," एवढे विचारा. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा.

सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला, छातीत दुखले, दम लागला, किंवा नेहमीच्या गोळीने कळ थांबली नाही, तर "दुःखाने होते" म्हणून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आजार नसलेल्या माणसालाही दुःखाच्या दिवसांत छातीत कळ आली तर ईसीजी काढून घ्या. आणि डॉक्टरांना खरे सांगा की माझी मैत्रीण वारली आहे. यात लाजण्यासारखे काही नाही, उपचाराला त्याची मदत होते.

दुःख महिनोन्महिने तसेच राहिले, काम सुचेना, जगणे नको वाटू लागले, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येते. दुःख विसरायला दारू किंवा झोपेच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात नातेवाइकांबरोबर एखाद्या मित्रालाही दोन शब्द बोलू द्या. माणूस घरात जेवढा असतो तेवढाच बाहेरही असतो. तो बाहेरचा भाग मित्रांजवळ असतो.

आम्ही त्या मुलीला दवाखान्यातून आणल्यावर एका संध्याकाळी विहारात बसलो. त्रिशरण, पंचशील घेतले. मग प्रत्येकीने त्या मैत्रिणीची एकेक गोष्ट सांगितली. फोटो नव्हता, आवाज तेवढा सगळ्यांना आठवत होता. मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडली आणि नंतर पोटभर जेवली.

एक गोष्ट राहून राहून टोचते. ते दहा दिवस. त्या दहा दिवसांत आम्ही तिला फोन लावत होतो आणि तिच्या घरी कोणाला ठाऊक नव्हते की कळवायचे कोणाला. म्हणून आज रात्री एवढे करा. दवाखान्याच्या फायलीत किंवा वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या चार जिवाभावाच्या माणसांची नावे आणि नंबर लिहा. नात्यातले असोत, नसोत. घरच्यांना ते पान दाखवा आणि सांगा, मला काही झाले तर यांनाही कळवा. ही माझी माणसे आहेत.