फुंकणाऱ्यांचा पगार

ऑर्केस्ट्राचं बजेट आवळायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड फुंकवाद्यांवर पडते. ड्रमर लागतोच, ढोलकी लागतेच; ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मात्र कीबोर्डवाल्याच्या एका बटणात बसतात. वर्गणीच्या कार्यक्रमांत हे इतकं सवयीचं झालंय की ऐकणाऱ्यांनाही ते टोचत नाही. टोचायला हवं. का, ते ऐकायचं असेल तर अमेरिकेतल्या ओकलंडच्या ‘टॉवर ऑफ पॉवर’कडे जावं.

हा बँड उभा राहिला १९६८ मध्ये. खाडीच्या एका काठावर सॅन फ्रान्सिस्को, तिथे केस वाढवलेले रॉकवाले गिटारी ताणत होते. दुसऱ्या काठावर ओकलंड, बंदराचं आणि कामगारांचं शहर. तिथल्या कानांना सोल संगीताची सवय. एमिलिओ कास्टिलो हा टेनर सॅक्सोफोन वाजवणारा पोरगा ‘मोटाउन्स’ नावाचा बँड चालवायचा. गाणी ‘मोटाउन’ या सोलच्या रेकॉर्ड कंपनीकडून उचललेली, हे नावातच आलं. मग त्याला स्टीफन कुप्का भेटला. त्याच्या गळ्यात बॅरिटोन सॅक्सोफोन होता.

बॅरिटोन म्हणजे सॅक्सोफोनच्या घराण्यातला थोराड गडी. वरच्या टोकाला नळीचं वेटोळं, वजन पाच-सहा किलो, आवाज घोगरा. एरवी त्याला कोपऱ्यात उभं करून खालचा सूर भरायला लावतात. इथे अख्खी रांग त्याच्यावर उभी: वर दोन ट्रम्पेट, मधे दोन टेनर, तळाशी कुप्का. तळ असा भक्कम असला की वरचे ट्रम्पेट कितीही चढोत, कर्कश होत नाहीत.

१९७३ चं ‘व्हॉट इज हिप?’ लावून बघा. रॉको प्रेस्टियाचा बास मात्रेला चार असे ठोके देत सुटतो. बराच वेळ एकाच स्वरावर, आणि तार डाव्या हाताने अर्धवट दाबलेली. तबल्यातले बंद बोल आठवावेत; नाद फुलायच्या आतच मिटवलेला. त्यावर डेव्हिड गॅरिबाल्डीचे ड्रम. जिथे टाळी द्यावीशी वाटते तिथे हा माणूस ठोका देत नाही, जरा अलीकडे किंवा पलीकडे देतो. ऐकणारा मात्रा मोजायला लागतो आणि पाय आपोआप हलायला लागतो.

या गर्दीत पाच फुंकवादक शिरतात. पण कसे? दोन-तीन स्वर, चाबकासारखे, आणि गप्प. पाच जणांनी एकदम सुरू करणं सरावाने जमतं. एकदम थांबणं फार अवघड, आणि या मंडळींची सगळी करामत तिथेच आहे. बँडमधल्याच ग्रेग ॲडम्सने बांधलेल्या या जागांमध्ये स्वर किती वेळ धरायचा हे स्वराइतकंच पक्कं ठरलेलं असतं. पाच जण एकदम श्वास घेतात ती फटसुद्धा ठेक्यात धरलेली. कीबोर्डच्या बटणाला श्वास घ्यावाच लागत नाही. म्हणून त्याचा ट्रम्पेट हुबेहूब असूनही पोकळ लागतो.

मराठी कानाला ट्रम्पेट नवा नाही. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत गोव्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचा. ‘अलबेला’त तर तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. पण तो ट्रम्पेट गातो, गायकाला उत्तर देतो. ओकलंडचा ट्रम्पेट ठेका धरणाऱ्यांच्या पंगतीत बसतो. एकाच वाद्याचे हे दोन स्वभाव.

सॅक्सोफोन म्हटला की जॅझ आठवतो; तो यात कुठे, असं विचारणाऱ्यांनी १९७४ च्या ‘बॅक टू ओकलंड’मधलं ‘स्क्विब केक्स’ ऐकावं. त्यात गायक नाही. ते रचलंय ऑर्गन वाजवणाऱ्या चेस्टर थॉम्पसनने. एकेक वादक पुढे येऊन आपलं म्हणणं मांडतो आणि रांगेत परततो. तेव्हाच्या रांगेत लेनी पिकेट होता. त्याचा टेनर सॅक्सोफोनच्या नेहमीच्या पट्टीपलीकडे जाऊन अक्षरशः किंचाळतो. १९८५ पासून हाच माणूस ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाच्या बँडमध्ये आहे.

आता पगाराचं. दहा जणांचा बँड गावोगावी फिरवायचा म्हणजे दहा ताटं आणि दहा बिछाने. त्यांचं सगळ्यात चाललेलं गाणं, ‘सो व्हेरी हार्ड टू गो’, बिलबोर्डच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत पोचलं, त्यापुढे नाही. मग डिस्को आला, पाठोपाठ सिंथेसायझर. इतरांनी फुंकणाऱ्यांना घरी बसवलं. यांनी मात्र आपली रांग भाड्याने दिली. एल्टन जॉनच्या ‘कॅरिबू’वर तीच वाजते, लिटल फीटच्या ‘वेटिंग फॉर कोलंबस’वर तीच, ऐंशीच्या दशकात ह्यूई लुइसबरोबर तीच. जो खर्च पहिला कापतात, त्यानेच इथे चूल पेटती ठेवली. (खरं सांगायचं तर बँडचे सगळेच अल्बम काही आवर्जून ऐकण्यासारखे नाहीत, काहींवर स्टुडिओची इस्त्री जरा जास्तच फिरली आहे. हा बँड मंचावरचा.)

गायक किती आले आणि किती गेले, याची मोजदाद अवघड आहे. आघात त्याहून मोठे. ओकलंडच्या जॅक लंडन स्क्वेअरजवळ रेल्वेचे रूळ भर रस्त्यातून जातात. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या ‘योशीज’ क्लबमध्ये कार्यक्रम होता. तिकडे पायी निघालेले गॅरिबाल्डी आणि तेव्हाचा बासवादक मार्क व्हान वाखेनिंगेन यांना रेल्वेगाडीची धडक बसली. दोघे वाचले. प्रेस्टिया २०२० मध्ये गेला.

त्याआधी, जून २०१८ मध्ये, ओकलंडच्याच फॉक्स थिएटरमध्ये पन्नाशीचा जलसा झाला. त्याचं ध्वनिमुद्रण बाजारात आलंय. पिकेट आणि थॉम्पसन पाहुणे म्हणून आले होते, रांगेत कास्टिलो आणि कुप्का होतेच. ड्रमवर गॅरिबाल्डी बसला होता, आणि ठोका अजूनही टाळीच्या जरा अलीकडे-पलीकडेच पडत होता.