कुलूप आमचे, गाव कोणाचे?

"गाव ओस पडले हो!" असा टाहो फोडण्याची आपल्याकडे एक मोसमी रीत आहे. गणपतीत चाकरमानी कोकणात उतरतो, पाच दिवस आरत्या म्हणतो, परसातल्या माडाकडे पाहून गहिवरतो आणि सहाव्या दिवशी दाराला कुलूप ठोकून, किल्ली खिशात घालून मुंबईची गाडी पकडतो. गाडीत टेकल्यावर त्याला गावाच्या मरणाचे दुःख अनावर होते. त्याच्या दुःखाबद्दल मला मुळीच शंका नाही. माझे भांडण आहे ते त्या किल्लीशी.

आधी आकडे पाहू. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती. २०११ साली १६,१५,०६९ उरली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या मात्र सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. २०२१ ची खानेसुमारी झालीच नाही, तेव्हा याच हिशेबावर बोलणे भाग आहे. दळणवळण नव्हते म्हणून गावे रिती झाली म्हणावे, तर कोकण रेल्वे १९९८ सालीच संपूर्ण मार्गावर धावू लागली होती! रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा पाहून कोणी कोकणातल्या स्त्रीसन्मानाचे गोडवे गातात. शाळामास्तराला त्यात गैरहजर पुरुषांचा हजेरीपट दिसतो.

पोटासाठी मुंबई गाठणाऱ्याला मी दोष देत नाही. डोंगरउताराची वरकस जमीन, पावसाचे पाणी धावत समुद्राला मिळणार आणि वैशाखात विहीर तळ दाखवणार; माणसाने करावे काय? मुंबईच्या गिरण्यांनी कोकणाच्या पिढ्या पोसल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, पण मुंबईची वाट काही मोडली नाही. जाणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो स्वतः जाऊन मागे राहिलेल्याचे हातपाय बांधून ठेवण्याचा.

ते कसे बांधले जातात, हे सातबाराच्या उताऱ्यावर पाहावे. जमीन पणजोबांची, खाली नावे वीस-पंचवीस. कोणी डोंबिवलीला, कोणी विरारला, एखादा अमेरिकेत. गावात उरला एकटा चुलत भाऊ. त्याला चार काजूची कलमे लावायची आहेत. सरकारी फळबाग योजनेत अर्ज करावा, तर सामाईक जमिनीवरच्या साऱ्या खातेदारांची संमतिपत्रे हवीत. बिचारा पत्रे लिहितो, फोन करतो. सही येत नाही. "आज सही दिली तर उद्या जमीन जाईल!" पण हेच सहीबहाद्दर, एखादा दलाल भाव सांगत दारी आला, की आठ दिवसांत एकत्र जमतात! भावाला न मिळालेली सही परक्याला मिळते. याला वडिलोपार्जित जमिनीचे प्रेम म्हणायचे काय?

बरे, पडीक जमीन नुसती पडून राहते, असेही नाही. तिच्यात रान माजते, रानात डुकरे ठाण मांडतात, आणि रात्री ती शेजारच्या कसलेल्या भातावर उतरतात. दिवसा वानरांची पाळी. म्हणजे गेलेल्याचे पडीक राहिलेल्याचे पीक खाते. अखेर तोही कंटाळून मुलांसह निघतो. मग शाळेचा पट घसरतो. २०२३ साली सरकारने वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा शहरातल्या गावकऱ्यांनी केवढा संताप केला! पण ज्या वाडीत मूलच उरले नाही, तिथे मास्तरांनी शिकवावे कोणाला?

"कूळ लागेल" ही आणखी एक सबब. १९४८ च्या कूळकायद्याचा आणि १९५७ च्या कृषिदिनाचा धसका अजून घराघरांत आहे, हे मला ठाऊक आहे. परक्याला जमीन कसायला देताना ती भीती समजू शकते. पण सामाईक जमीन कसणारा हिस्सेदार स्वतःच तिचा मालक आहे. मालक आपलेच कूळ कसा होणार?

जमिनी विकून टाका, असे मी सांगत नाही, विकूच नका. वाटप तेवढे करा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाप्रमाणे सहहिस्सेदारांना तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करता येतो. तेही आज जमत नसेल, तर गावात राहून राबणाऱ्या भावाला लेखी संमती द्या. बंद घर वाऱ्याला लागेल, कौले चाळली जातील, एवढ्यासाठी तरी किल्ली त्याच्या हाती सोपवा.

वाचकहो, भाऊबीजेच्या निमित्ताने विखुरलेली भावंडे एका छपराखाली येतात. फराळ आटोपला की या वर्षी सातबाराचा उतारा मधोमध ठेवा आणि गावातल्या भावाला विचारा, "बाबा रे, तुला काय लावायचे आहे?" तो सांगेल त्या कागदावर सह्या करा. गावासाठी गळा काढायला पुढची दिवाळी आहेच.