चाकू मुलाच्या बॅगेत, कॉलेज बंद मुलीचं!

मागच्या महिन्यात घाटाखालच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा हिशेब झाला, सह्या झाल्या, चहा आला. नेहमी बडबड करणारी एक बाई मात्र त्या दिवशी गप्प गप्प होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "ताई, पोरीचं कालेज बंद केलं मी. आता सोयरीक पाहाची."

मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. अभ्यासात बरी, रोज एसटीने तालुक्याला जाणारी. तिने काय केलं होतं? काहीच नाही! कॉलेजात मुलांच्या दोन गटांत भांडण झालं आणि एकाने बॅगेतून बटणाचा चाकू काढला. सरांनी वेळीच धरलं, कोणाला लागलं नाही. पण गावात बातमी पोचता पोचता चाकूची तलवार झाली, आणि संध्याकाळी घरात निर्णय झाला. "तिले काई झालं तं मी कोनाले जाब इचारू?" असं त्या माउलीने मला विचारलं. माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

चाकू ज्याच्या बॅगेत होता तो मुलगा आठ दिवसांनी परत वर्गात बसला. ही मुलगी मात्र घरी. मैत्रिणींनो, हा न्याय मला काही केल्या पटेना.

घरी आल्यावर ओळखीच्या दोन-तीन मुलींकडून त्यांच्या कॉलेजांची प्रवेशाच्या वेळी मिळणारी माहितीपुस्तिका मागवून घेतली. ओळखपत्र गळ्यात हवं, मोबाइल वर्गात नको, हजेरी किती हवी, मुलींचा पोशाख कसा असावा, सगळं सविस्तर होतं. शस्त्राबद्दल एका पुस्तिकेत अर्धी ओळ, बाकीच्यांत तीही नाही. ओढणी कशी घ्यावी यावर चार ओळी आणि चाकूवर अर्धी!

म्हणजे कायदाच नाही का? आहे, आणि चांगला कडक आहे. आपल्याला तो कोणी सांगत नाही इतकंच. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याप्रमाणे बंदूक किंवा पिस्तूल बाळगायला परवाना लागतो आणि २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय तो मिळत नाही. पदवीला शिकणारी बहुतेक मुलं या वयाच्या आतली, त्यामुळे त्यांच्याकडे परवान्याचं पिस्तूल असण्याचा प्रश्नच येत नाही. बरं, ज्याच्याकडे रीतसर परवाना आहे अशा माणसालाही जत्रेत, मिरवणुकीत किंवा शाळा-कॉलेजाच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. ही परवान्याचीच अट आहे. त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी लागते. त्यामुळे कमरेला पिस्तूल लावून कोणी 'भाऊ' गॅदरिंगला पाहुणा म्हणून आला, तर तो कितीही मोठा असो, अशा परवानगीशिवाय तो नियम मोडतो आहे. विनापरवाना बंदूक किंवा देशी कट्टा सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान दोन वर्षांची आहे आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

चाकू-तलवारीचं काय? नियमांत मापच दिलं आहे. ज्याचं पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद, ते शस्त्र. घरकामाची आणि शेतीची अवजारं यातून वगळली आहेत, नाहीतर आपली विळी, विळा आणि कुऱ्हाड सगळ्यांनाच परवाना काढावा लागला असता! पण म्हणून लहान चाकू खिशात घालून फिरायला मोकळीक आहे असं कोणी समजू नये. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वेळोवेळी मनाई आदेश निघतात. सणावाराच्या, निवडणुकीच्या आधी वर्तमानपत्रात कोपऱ्यात छोटी बातमी येते ना, तीच ही. त्या आदेशात शस्त्रं, लाठ्या-काठ्या, दगड असं सगळं बरोबर बाळगायला बंदी असते. आणि चाकू दाखवून धमकावणं हा तर पात्याचं माप कितीही असो, गुन्हाच आहे.

मग इतका कायदा असताना चाकू बॅगेत येतो कुठून? मला वाटतं, तो आधी डोक्यात येतो. आजकाल गल्लोगल्ली वाढदिवसाला तलवारीने केक कापतात. आपल्या बुलढाण्यातच २०२४ मध्ये लोकप्रतिनिधींच्या वाढदिवसाला तलवारीने केक कापला गेला आणि ते दृश्य सगळ्या राज्याने पाहिलं. मोठ्यांनी केलं की सतरा वर्षांच्या पोराला ते शौर्यच वाटतं. तो तसाच फोटो काढून मोबाइलवर स्टेटस ठेवतो, मित्र 'किंग' म्हणतात, आणि उद्या तोच चाकू दप्तरात जातो.

आपला जिल्हा जिजाऊंच्या माहेरचा. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जाताना आपल्या अंगावर अजूनही काटा येतो. दसऱ्याला आपण शस्त्रं पुजतो, शेतकऱ्याच्या घरी विळा-कोयत्याला हळदकुंकू लावतो. पण पूजा झाली की विळा शेतात जातो, कोयता आपल्या जागी जातो. जिजाऊंच्या शिवबाची तलवार रयतेच्या लेकीबाळींना निर्धास्त वावरता यावं म्हणून होती. जिच्यामुळे रयतेची लेक कॉलेज सोडून घरी बसते, त्या तलवारीला महाराजांचं नाव कशाला?

आणखी एक गोष्ट मला सारखी टोचते. कॉलेजात काही घडलं की आपण बंद काय करतो? १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या काळात ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने राज्यातल्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, पण २०१९ मध्ये त्या पुढे ढकलल्या गेल्या. निवडणुका बंद झाल्या. शस्त्रं थांबली का? १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीची परीक्षा चालू असताना शस्त्रं घेऊन तरुण परीक्षेच्या वर्गात घुसले आणि रिंकू पाटील या मुलीला त्यांनी जाळून मारलं. तिथे कुठली आली निवडणूक? २०२३ च्या जून महिन्यात पुण्यात सदाशिव पेठेत भरदिवसा एक तरुण कोयता घेऊन एका विद्यार्थिनीच्या मागे धावला. लेशपाल जवळगे आणि हर्षद पाटील हे तरुण मध्ये पडले म्हणून ती वाचली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला गावाकडून पुण्याला आलेल्या किती मुलींना त्या आठवड्यात घरून "परत ये" म्हणून फोन गेले असतील!

म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे. निवडणूक बंद करा, गॅदरिंग बंद करा, मुलीचं शिक्षण बंद करा. शस्त्र आणणाऱ्याचं मात्र काहीच बंद होत नाही.

काही जण म्हणतात, मुलींनाच शस्त्र द्या, म्हणजे कोणी वाटेला जाणार नाही. अमेरिकेत हा विचार बराच पुढे गेला आहे. तिथल्या टेक्सास राज्यात ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारकांना सरकारी विद्यापीठांच्या आवारात पिस्तूल जवळ बाळगायला कायद्याने परवानगी मिळाली. आणि त्याच देशात १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने गोळ्या झाडून ३२ जणांचे जीव घेतले. त्यात आपल्या मुंबईहून शिकायला गेलेली मिनल पांचाळही होती. शस्त्र सहज मिळतं तिथे एका माणसाच्या डोक्यातला राग किती घरं उजाड करतो, ते यावरून दिसतं. आपल्याकडे शस्त्र मिळणं कठीण आहे, हेच आपलं सुदैव. ते तसंच राहू द्यावं. मुलींना कराटे जरूर शिकवा, पण चाकूला चाकू हे उत्तर नव्हे.

मग आपण, साध्या घरातल्या बायांनी, काय करायचं? मला सुचलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, प्रवेश घेताना विचारा. फी विचारतो, होस्टेल विचारतो, तसंच "शस्त्र सापडलं तर कॉलेज काय करतं? तक्रार कोणाकडे करायची?" हेही प्राचार्यांना विचारा. उत्तर पुस्तिकेत छापा म्हणा. दहा आयांनी विचारलं की अर्ध्या ओळीची पूर्ण ओळ होते. मुलींच्या छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तिच्यातल्या मॅडमचा फोन नंबर मुलीच्या वहीत लिहून ठेवा.

दुसरी, गेटबाहेर बघा. कॉलेजचं आवार गेटपाशी संपतं, मुलीची भीती एसटी स्टँडपर्यंत सोबत येते. मुलगी नको म्हणत असताना वारंवार पाठलाग करणं हा गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये तो आहे आणि पहिल्या वेळीसुद्धा तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चाकू निघेपर्यंत वाट कशाला पाहायची? तातडीची वेळ असेल तर ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर लहानथोर सगळ्यांना पाठ असू द्या.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. ज्या मुलाच्या बॅगेत चाकू सापडला, तोही कोणा बाईचाच मुलगा. त्याची आईही अशाच एखाद्या बचत गटात माझ्याशेजारी बसत असेल. आपण मुलीची बॅग, मोबाइल, येण्या-जाण्याची वेळ सगळं तपासतो. मुलाची बॅग शेवटची कधी उघडली होती? उशाखाली असलं काही दिसलं तर "पोरं हायेत, चालतंच" म्हणून परत तिथेच ठेवू नका. मारझोडही करू नका. कोणाची भीती आहे का, कोण आणायला लावतं, हे शांतपणे विचारा, आणि वस्तू घरातून बाहेर काढा. अनेक मुलं दुसऱ्याच्या धाकाने चाकू बाळगतात. पोलीस केस झाली तर त्याचं भविष्य जाईल, अशी भीती आईला वाटते. पण आधी बोललं तर एक चाकूच जातो. उशिरा बोललं तर मुलगा जातो.

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलीचं नाव कॉलेजातून काढू नका. २०२४ मध्ये आपल्या राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. फी माफ झाली, पण भीती कोण माफ करणार? ते काम सरकारच्या हातचं नाही, ते आपल्याच हातात आहे.

त्या माउलीचं पुढे काय झालं, ते सांगते. आम्ही गटातल्या पाच जणी तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. प्राचार्य आधी जरा तोडून बोलले, मग खुर्च्या मागवल्या. शस्त्राबद्दलची सूचना फलकावर लावतो, त्या मुलाच्या वडिलांकडून लेखी हमी घेतो आणि सुटण्याच्या वेळी एक शिपाई स्टँडपर्यंत उभा ठेवतो, एवढं त्यांनी कबूल केलं. सूचना लागली. शिपाई कधी असतो, कधी नसतो. नसला की आमच्यातली एक जण फोन करते.

मुलगी परत जायला लागली. गावातल्या आणखी दोघी तिच्यासोबत असतात. आई अजून रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन एसटीची वाट पाहते. "भेव गेलं का?" मी परवा विचारलं. "भेव हाये ताई," ती म्हणाली, "पन परीक्षेचा फारम भरला."