ताट एकच, मग वजनही दोघांनी मिळून उतरवा



आज मासळीचा दर, तलावाचा ठेका किंवा बोटुकलीचं वाटप यातलं काही सांगायचं नाही. आज विषय पोटाचा आहे. पोट भरण्याचा नव्हे, पोट सुटल्याचा. हसण्यावारी नेऊ नका, शेवटपर्यंत वाचा आणि घरात बायकोला, नवऱ्याला वाचून दाखवा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. वाढलेलं वजन एकट्यानं उतरवणं फार अवघड आहे, आणि उतरवलं तरी टिकवणं त्याहून अवघड. नवरा-बायकोनं मिळून, नाहीतर एका नावेवरच्या दोघा दोस्तांनी मिळून मनावर घेतलं तर जमतं. म्हणून "मी वजन कमी करणार" असं कुणी म्हणू नये. "आम्ही दोघं करणार" असं म्हणावं.

आता वजन वाढलं कशानं? आपल्या बेळगाव-निपाणी भागात तालमी काही कमी नाहीत. पैलवानाचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. तालीम सुटते, पण खुराक सुटत नाही, आणि दोन-चार वर्षांत गडी ओळखू येत नाही. आपल्या धंद्यातही तेच झालंय. वडीलधारी माणसं वल्हं मारून तलाव पार करायची, ओलं जाळं हातानं ओढायची, पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला चालत जायची. आता बऱ्याच नावांना इंजिन आलं, बाजाराला टेम्पो आला, गल्लीतल्या गल्लीत जायला मोटारसायकल आली. आली ते बरंच झालं, कष्ट वाचले. पण वल्हं गेलं आणि ताट तेवढंच राहिलं. त्यात पावसाळ्यात पाणी चढलं की जाळी घरात आणि माणूसही घरात. भजी, चहा, संध्याकाळची क्वार्टर आणि वर चखणा.

बायकांचं तर कुणी मोजतच नाही. पहाटे उठून मासळी घ्यायची, दिवसभर बाजारात एका जागी बसून विकायची, घरी येऊन स्वयंपाक, आणि शेवटी उरलंसुरलं वाया जाऊ नये म्हणून तेही पोटात. वजन वाढलं की लोक म्हणतात, "खात्यापित्या घरची आहे." गुडघे दुखायला लागले की मग सगळ्यांना आठवण होते.

हा काही एका घराचा प्रश्न नाही. सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात साधारण ३० टक्के बायका आणि जवळपास तितकेच पुरुष जादा वजनाचे निघाले. म्हणजे दहांत तिघं. २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा दहांत दोघांच्या थोडा वर होता.

कुणी म्हणेल, पोट सुटलं तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. पोटाबरोबर साखर येते, बीपी येतं. साखर वाढून बरीच वर्षं झाली की पायाच्या शिरा बधिर होतात. आपला धंदा पाण्याचा आणि चिखलाचा. तळाशी काच असते, खडा असतो, माशाचा काटा असतो. ज्याचा पाय बधिर झाला त्याला टोचलेलं कळत नाही. जखम तशीच ओली राहते, चिघळते आणि मग बोट किंवा पाऊल काढायची वेळ येते. पाय गेलेला गडी नावेवर चढत नाही. त्या घराचं पुढं काय होतं ते सांगायला नको.

नावमालकांनी आणखी एक हिशोब करावा. चार माणसांच्या नावेत प्रत्येकी २० किलो वजन जादा असेल तर ८० किलो होतात. म्हणजे नावेत न दिसणारा पाचवा माणूस बसलाय, तोही कायमचा. वाऱ्यात पाणी उसळतं तेव्हा हा पाचवा महागात पडतो.

आपलं वजन जादा आहे की नाही हे बघायला मशीन लागत नाही. जाळ्याचा दोर घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढा तोडा. मधोमध दुमडा आणि बेंबीच्या पातळीवर कंबरेला गुंडाळा. दोन्ही टोकं भेटली तर ठीक. नाही भेटली तर पोटावर चरबी जादा आहे. टेपनं मोजायचं तर पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या आत, आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या आत असावी. भारतीय माणसांसाठी डॉक्टर हेच माप धरतात. दोघांनी एकमेकांचं माप घ्यावं, म्हणजे श्वास आत ओढून फसवायची सोय राहणार नाही.

आता जोडीनंच का, ते सांगतो. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या साडेतीन हजारांहून जास्त जोडप्यांचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांच्या बायकोनंही वजन उतरवलं, त्यांच्यातल्या शंभरातल्या २६ जणांचं वजन चांगलं कमी झालं. बायको होती तशीच राहिली, तिथं शंभरात फक्त १०. बायकांच्या बाबतीत हेच आकडे ३६ आणि १५. माणसं तीच, वय तेच, फरक फक्त जोडीदाराचा.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची भाषणं मोबाईलवर घरोघरी पोचली. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि रोज ४५ मिनिटं चाला, हे त्यांचं सांगणं. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकर यांची, हेही ते सांगतात. दोन वेळचं खाणं सगळ्यांनाच मानवतं का, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, आणि मध्यरात्री जाळं टाकायला जाणाऱ्यानं तर विचारूनच ठरवावं. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ती माणसं एकेकटी राहिली नाहीत. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट केले, शंका विचारल्या, वजनाचे आणि साखरेचे आकडे एकमेकांना सांगितले. कित्येक घरांत नवरा-बायको दोघं मिळून त्यात उतरले.

घरात बघा, हे किती साधं आहे. चूल एक, तेलाचा डबा एक. नवऱ्याला डॉक्टरनं तेल कमी सांगितलं की बायकोनं त्याचं वेगळं करायचं, पोरांचं वेगळं, आणि स्वतः मागचंच खायचं. असं आठ दिवस चालतं, नवव्या दिवशी बंद पडतं. त्यापेक्षा सगळ्या घराचं ताट बदला. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर साडेचार आणा. अर्धा लिटर कुणाच्या जिभेला कळणार नाही, पैसेही वाचतील. आपल्या हातात तर सोन्यासारखा माल आहे. रोहू, कटला, मृगळ यांनी पोट भरतं आणि ताकद येते. पण तोच तुकडा रवा लावून कढईत सोडला की मासा कमी आणि तेल जास्त. तळलेला रविवारी खा, बाकी दिवस रस्सा करा. भाताचा डोंगर अर्धा करा, ज्वारीची भाकरी आणि भाजी वाढवा. चहातली साखर दोघांनी एकाच दिवशी कमी करा. क्वार्टरबद्दल जास्त बोलत नाही, पण दोघा दोस्तांनी ठरवून बंद केली तर ती सुटते. एकटा सोडायला गेला की दुसरा ग्लास पुढं करतो.

आणि जोडी म्हणजे पहारा नव्हे. "जाड्या, किती खातोस" असं चार लोकांत बोलणारा जोडीदार नको. नवऱ्यानं हुकूम सोडायचा आणि बायकोनं चालायला जायचं, असंही नको. संध्याकाळी बायको अर्धा तास चालायला गेली तर तेवढा वेळ भांडी नवऱ्यानं घासावीत, पोरं सांभाळावीत. नाहीतर दोघांनी मिळून जावं आणि घर सासू-सासऱ्यांनी बघावं. ज्याचं घरात जमत नाही, बाई एकटी आहे किंवा गडी एकटा आहे, त्यानं शेजारीण, भाऊ, नावेवरचा दोस्त धरावा.

घाई करू नका. ८० किलोच्या माणसानं सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरवले तरी पुष्कळ. अमेरिकेत साखरेच्या काठावर असलेल्या तीन हजारांवर माणसांवर मोठा प्रयोग झाला, २००२ साली त्याचा निकाल आला. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि थोडं वजन उतरवणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. जाहिरातीतली पावडर आणि चूर्ण घेऊ नका. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. आणि जो मुळात किडकिडीत आहे त्यानं या भानगडीत पडूच नये, त्यानं पोटभर जेवावं.

आमची विनंती एवढीच. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं जोडीदारासह प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन साखर आणि बीपी तपासून घ्यावं, ते मोफत होतं. कागद कानडीत असला आणि कळला नाही तर आशाताईंना विचारा, त्या समजावून सांगतात. ज्यांना साखर आहे त्यांच्या घरात रोज रात्री एकमेकांचे तळपाय उजेडात बघायची सवय लावा. नवऱ्याचे बायकोनं, बायकोचे नवऱ्यानं. यात लाजण्यासारखं काही नाही.

शेवटी एक सूचना मांडतो, त्यावर आपलं मत खाली लिहा. संस्थेच्या काट्यावर आपण रोज मासळी ग्रॅमपर्यंत तोलतो. महिन्यातून एकदा, मासिक सभेच्या दिवशी, त्याच काट्यावर सभासदांनी जोडी-जोडीनं उभं राहावं. आकडा कुणी मोठ्यानं वाचायचा नाही, ज्याचा त्यानं वहीत लिहायचा. ज्या जोड्या तयार असतील त्यांनी आपली नावं सचिवांकडे द्यावीत. एक नाव घेतलं जाणार नाही, दोन लागतील.