पानिपतचे आप्त

बलुचिस्तानातून काही वार्ता आली की आपल्यात ‘तिथे आपले मराठे आहेत’ हा विषय निघतोच. २०२५च्या मार्चमध्ये बोलानच्या डोंगरात बंडखोरांनी जाफर एक्सप्रेस ही आगगाडी अडविली, तेव्हा कुकटपल्लीतील माझ्या गाण्याच्या वर्गातही तो निघाला.

१४ जानेवारी १७६१च्या पानिपतानंतर अब्दालीने मराठे कैदी कलातच्या मीर नसीर खानाच्या स्वाधीन केले आणि डेरा बुगटीकडील ‘मराठा’ म्हणविणारे लोक त्यांचेच वंशज, अशी परंपरा आहे. आज त्यांची भाषा बलुची, धर्म इस्लाम. त्याच मुलुखात सुई येथे १९५२ साली वायू सापडला. तो दूरदूरच्या शहरांतील चुलींपर्यंत पोचला. बलुची खेड्यांना मात्र कित्येक दशके सरपणच जाळावे लागले. मेंढपाळांचे फिरते जिणे मोडत आले, तरुण पोटासाठी कराचीला आणि आखातात गेले. सरकारशी झगडा पेटला. २००६ साली लष्करी कारवाईत नवाब अकबर खान बुगटी यांचा अंत झाला. ही तिथल्या माणसाची खरी विवंचना आहे. तिचे मूळ पानिपतात शोधून सापडणार नाही.

गाण्याच्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. बलुचींचे पहलवान हे कुस्तीचे नव्हेत, आपल्या शाहिरांसारखे वीरगाथा गाणारे. साथीला दंबुरा आणि सारंगीच्या जातीचा सुरोझ. त्यांचे लाडके बेंजू वाद्य तर मूळचे जपानी. त्याचेच भावंड आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून वाजते. वाजविणाऱ्याने आपले केले की वाद्याला कोणी कूळ विचारीत नाही.

आपल्याला हे परके नाही. कलात १९४८च्या मार्चमध्ये पाकिस्तानात गेले. आपले हैदराबाद त्याच वर्षी सप्टेंबरात भारतात आले. विवेकवर्धिनीत शिकलेल्या आपल्या पिढ्या घरी मराठी, बाजारात दखनी आणि शेजाऱ्यांशी तेलुगू बोलत इथल्याच झाल्या. उद्या पुण्याहून कोणी येऊन ‘तुम्ही आमचे, आमच्या बाजूने इथल्यांशी भांडा’ म्हणाला, तर आपण त्याला चहा पाजून परत पाठवू. बुगटींच्या मराठ्यांनाही तेवढा मान द्यावा. नाते जरूर सांगावे, पण खुशाली विचारण्यासाठी; आपल्या भांडणात त्यांना उभे करण्यासाठी नव्हे.