आईची पन्नाशी आणि आपली सोय

मागच्या दिवाळीत फराळ करता करता आईने सांगितलं, की ती नोकरी सोडतेय. वय 52. साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत 26 वर्षं कॅशियर. सोडून करणार काय, तर ऑडिओबुकसाठी आवाज देणार. आवाज तिचा खरंच चांगला आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत इमर्जन्सी दिव्यापाशी बसून ती पुस्तकं वाचून दाखवायची, तेव्हा शेजारची पोरंही येऊन बसायची.

मी चकली मोडत म्हणालो, "अगं आई, आता या वयात कशाला हा उद्योग?"

या वाक्यावर मला भांडायचं आहे. आधी स्वतःशी, मग तुमच्याशी. कारण तुम्हीही ते कधीतरी म्हणाला आहात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय 28. आमच्या टीममध्ये दुपारच्या चहाला ठरलेला विषय असतो : चाळिशीत रिटायर कसं व्हायचं. एसआयपी किती, कॉर्पस किती, सगळं एक्सेलमध्ये. रिटायर होऊन कोण कोकणात होमस्टे काढणार आहे, कोण मातीची भांडी करणार आहे. यावर कोणी हसत नाही. उलट 'भारी प्लॅन आहे रे' म्हणतात. म्हणजे मी चाळिशीत नवं काही सुरू केलं तर तो प्लॅन, आणि आईने पन्नाशीत केलं तर उद्योग! तेही तिने 26 वर्षं कमावल्यानंतर.

आमच्याकडे कोडमधला एखादा भाग 'डिप्रिकेटेड' म्हणून जाहीर करतात. तो चालू असतो, सगळे त्याच्यावर अवलंबून असतात, पण त्यात नवीन काही घालायचं नाही असं ठरलेलं असतं. आपल्या घरांतल्या पन्नाशीच्या बायकांचं आपण हेच केलंय.

बरं, वयाचा मुद्दा खरा तरी आहे का? अमेरिकेत जनगणना विभागाच्या आकडेवारीवरून झालेला एक मोठा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. तिथे कंपनी सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय सुमारे 42 निघालं, आणि सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं 45. हुडी घातलेला विशीतला पोरगा हे आमच्या धंद्याने विकलेलं चित्र आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर प्रोत्साहन देतो, फॅमिली ग्रुपवर कर्नल सँडर्सची गोष्ट टाकतो. त्या गोष्टीचाही मला राग येतो. साठीनंतर म्हातारा कोंबडीची रेसिपी घेऊन दारोदार फिरला आणि केएफसी उभी राहिली, एवढंच त्यात असतं. 1952 साली पहिली फ्रँचायझी दिली तेव्हा तो 62 वर्षांचा होता हे खरं, पण 1930पासून तो केंटकीत खाणावळ चालवत होता. फाल्गुनी नायर यांनी 2012मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर 'नायका' काढली. त्याआधी त्या कोटक महिंद्राच्या गुंतवणूक बँकेत व्यवस्थापकीय संचालक होत्या. पाठीशी पैसा होता, ओळखी होत्या. श्रीराम लागूंचंच घ्या. कान-नाक-घशाचा सर्जन चाळिशी ओलांडल्यावर, 1969मध्ये, वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट झाला आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते पुण्यात पीडीएच्या हौशी नाटकांत काम करत होते. दवाखाना सांभाळून तालमी!

यात कुणाचंही मोठेपण कमी होत नाही. पण फॉरवर्डमध्ये फक्त जिद्द उरते, आणि आधीची वर्षं, पैसा, मोकळा वेळ गळून जातो. मग जिला जमत नाही तिच्यात जिद्दच नव्हती असं म्हणायला आपण मोकळे. लागूंना तालमीला जायला संध्याकाळ मिळत होती. माझ्या आईची संध्याकाळ कुठे होती? कुकरपाशी. नंतर माझ्या गणिताच्या वहीपाशी.

आता खरं सांगतो. वाकडला मी फ्लॅट घेतला तेव्हा कर्ज बसावं म्हणून आई सहअर्जदार झाली. दर महिन्याच्या हप्त्यातले 12,000 तिच्या पगारातून जात होते. "या वयात कशाला" म्हणताना माझ्या डोक्यात तिचं वय नव्हतंच, ते 12,000 होते. बाबांना वेळेवर मिळणारा डबा दिसत होता. माझ्या बहिणीने तर प्रामाणिकपणे विचारलं, "पुढच्या वर्षी बाळाला बघायला येशील ना मग?" तिघांनाही आईची काळजी वाटत होती असं आम्ही मनापासून समजत होतो.

म्हणून माझं म्हणणं आहे, की घरातलं कोणी पन्नाशीत काही सुरू करतो म्हणालं, तर कौतुक नंतर करा. आधी हिशेब काढा. त्या माणसाच्या पगारावर, वेळावर, हातांवर तुमचं किती चाललंय? त्यातलं तुम्ही काय उचलणार? काही उचलणार नसाल तर 'आई, यू कॅन डू इट' असं स्टेटस ठेवू नका. आणि हो, आपटण्याचा हक्कही द्या. विशीतल्या पोराचं स्टार्टअप बुडलं तर आपण त्याला अनुभव म्हणतो. आईचं बुडलं तर 'सांगितलं होतं' म्हणायला पूर्ण खानदान हजर असेल.

तिचं बुडूही शकतं. पहिले चार महिने एक रुपया आला नाही. जो आला तो पगाराच्या जवळपासही नाही. हप्ता आता मी एकटा भरतो, त्यापायी गाडीचा विचार लांबवला. बाबा भात लावायला शिकलेत, भाजीवर अजून चर्चा सुरू आहेत. बहिणीशी आई एकदाच बोलली. काय बोलली ते मला दोघींनीही सांगितलेलं नाही.

आई आतल्या खोलीत कपाटाची दारं उघडी टाकून, समोर दोन गोधड्या टांगून रेकॉर्डिंग करते. पंखा बंद. मे महिन्यात घामाने चष्मा घसरायचा म्हणून तिने त्याला दोरी लावली. परवा रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला : "अरे, सातव्या प्रकरणात शेजारच्यांच्या कुकरच्या दोन शिट्ट्या आल्यात. काढता येतील का?"

एक निघाली. दुसरी तिच्या आवाजावरच आली होती. ते पान तिने पुन्हा वाचलं.