परिषद परदेशी, मुक्काम कोठे?



आपल्या घरांतील तरुण मंडळी आता परदेशातील व्यापारी परिषदांना नेमाने जाऊ लागली आहेत आणि त्यांच्यासमवेत घरातील ज्येष्ठही निघतात. निमंत्रण आले की प्रथम विमानाचे तिकीट काढले जाते. हॉटेलचा विचार मागाहून होतो आणि जेवणाचा तर तेथे पोहोचल्यावर. हा क्रम उलटा आहे, हे मला सिंगापूरला गेल्यावर उमगले.

माझ्या व्याह्यांबरोबर तेथील एका आंतरराष्ट्रीय परिषदेला जाण्याचा योग आला होता. व्याह्यांचे वय बहात्तर. चौविहाराचा नेम अनेक वर्षांचा. मी स्वस्त म्हणून शहराच्या पूर्वेकडील एक हॉटेल ठरवले होते. परिषद मरिना बे येथे. पहिल्या दिवशीचे सत्र सव्वासहाला संपले. खोलीवर पोहोचून डबा उघडेपर्यंत सूर्य मावळला होता. व्याह्यांनी डबा शांतपणे बंद केला आणि म्हणाले, “असू द्या, उद्या पाहू.” त्या रात्री पाण्याचा घोटही न घेता ते झोपले. हिशेब माझा चुकला होता आणि उपवास त्यांना घडला होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही काय सुधारले, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट सूर्याची. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे वर्षभर सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही साधारण सातच्या आगेमागेच होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवस लांबतो, तसे तेथे होत नाही. परिषदेचे रात्रीचे भोजन बहुधा साडेसातला सुरू होते. म्हणजे चौविहार पाळणाऱ्यास ते बाराही महिने वर्ज्य. नवकारसी पाळणाऱ्यास सकाळी पावणेआठच्या सुमारास अल्पोपाहार घेता येतो आणि अनेक सत्रे नऊला सुरू होतात. या दोन वेळा कागदावर लिहून मगच मुक्कामाचे ठिकाण निवडावे.

दुसरी गोष्ट सभागृहाची. निमंत्रणावर केवळ ‘सिंगापूर’ वाचून हॉटेल ठरवू नये. सिंगापूर एक्स्पो हे केंद्र चांगी विमानतळाजवळ आहे. मरिना बे सँड्स आणि सनटेक ही केंद्रे शहराच्या मध्यभागी आहेत. तेथील भूमिगत रेल्वेला एमआरटी म्हणतात. तिच्या डाउनटाउन मार्गावर लिटल इंडिया हे स्थानक आहे. तेथून रोचोर, बुगिस, प्रोमेनाड आणि चौथे स्थानक बेफ्रंट, जे मरिना बे सँड्सला लागूनच आहे. सनटेकसाठी प्रोमेनाडला उतरावे. गाडी बदलावी लागत नाही. विमानतळावरून येताना मात्र पहिल्याच, एक्स्पो स्थानकावर डाउनटाउन मार्गाची गाडी पकडावी. सामान जड आणि मंडळी वृद्ध असल्यास टॅक्सीच बरी.

म्हणून शाकाहारी कुटुंबाने लिटल इंडियाचा विचार अवश्य करावा. तेथील सेरंगून रस्त्यावर दक्षिण व उत्तर भारतीय शाकाहारी भोजनालये रांगेने आहेत; कोमल विलास तर १९४७ पासून चालू आहे. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्यास प्रत्येक पदार्थाबद्दल विचारून घ्यावे, कारण मसाला डोशात बटाटा आणि सांबारात कांदा असतोच. चिनी बौद्ध शाकाहारी भोजनालयांत बहुधा कांदा-लसूण नसतो, परंतु कंदमुळे, अळिंबी आणि क्वचित अंडेही असू शकते.

तिसरी गोष्ट भाड्याची. तेथील दराशेजारी दोन अधिक चिन्हे छापलेली दिसतात. तेथे त्यास ‘प्लस प्लस’ म्हणतात. पहिले चिन्ह १० टक्के सेवाशुल्काचे आणि दुसरे ९ टक्के जीएसटीचे. हा कर सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे २०० डॉलरची खोली प्रत्यक्षात २३९ डॉलर ८० सेंटला पडते. चार रात्रींत हा फरक १५९ डॉलरच्या वर जातो. दोन हॉटेलांची तुलना नेहमी अंतिम रकमेवरच करावी. आयोजकांनी सवलतीच्या दराने राखून ठेवलेल्या खोल्या ठरावीक तारखेनंतर मिळत नाहीत. ती तारीख आणि रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट दोन्ही वाचाव्यात.

स्वयंपाकघर असलेली खासगी सदनिका स्वस्तात मिळते, असे कोणी सांगेल. सावध राहावे. सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणे कायद्याने निषिद्ध आहे. परवानाधारक सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकाची सोय असते, परंतु तेथे किमान सात दिवसांचा मुक्काम लागतो.

चौथी गोष्ट वेळेची. मुंबईहून विमान साडेपाच तासांत पोहोचते आणि तेथील घड्याळ अडीच तास पुढे आहे. रात्री साडेअकराला निघाल्यास सकाळी साडेसातला उतराल. पण खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनला मिळते. आम्ही त्या दिवशी हॉटेलच्या दिवाणखान्यात बसून काढलेले तास व्याह्यांच्या गुडघ्यांना आठवडाभर पुरले. ज्येष्ठ बरोबर असतील तर आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी किंवा दिवसाचे विमान पाहावे.

पाचवी गोष्ट आमच्या बँकेच्या क्षेत्रातील. हॉटेलात प्रवेश करताना अनामत म्हणून कार्डावरील काही रक्कम अडकवून ठेवतात. मी फॉरेक्स कार्ड पुढे केले आणि प्रवासखर्चातील मोठा भाग निघेपर्यंत वापरता आला नाही. ही रक्कम मोकळी होण्यास मुक्काम संपल्यावरही काही दिवस लागतात. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्यावे आणि फॉरेक्स कार्ड खर्चासाठी ठेवावे. यंत्राने ‘रुपये की डॉलर’ असे विचारल्यास डॉलरच निवडावे; रुपयांचा पर्याय घेतल्यास विनिमयाचा दर महाग पडतो. परकीय चलनाच्या नोटा प्रत्येक प्रवासाला ३,००० अमेरिकी डॉलरच्या मूल्यापर्यंत नेता येतात, भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत. टूर एजंटाने वसूल केलेला टीसीएस हा आगाऊ कर आहे. आयकर विवरणपत्रात त्याचे श्रेय घेण्यास विसरू नये.

कागदपत्रे थोडकी आहेत, पण नेमकी हवीत. भारतीय नागरिकास व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढता येतो; पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी. याशिवाय पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावे लागते. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्यांना दूर ठेवावे.

आता भगिनींसाठी महत्त्वाची सूचना. सिंगापुरात खसखस निषिद्ध वस्तूंमध्ये मोडते. तेव्हा अनारसे, खसखस घातलेले लाडू आणि गोडा मसाला घरीच ठेवावा. खाखरे, ठेपले, मेथीचे लाडू खुशाल न्यावेत. गुटखा, चघळण्याची तंबाखू, च्युइंगगम नेऊ नये. झोपेच्या अथवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असल्यास आधी परवानगी लागते का ते पाहावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी. उकळलेलेच पाणी घेणाऱ्यांनी स्वतःची लहान विजेची किटली न्यावी; तेथील प्लगला तीन चौकोनी पिना असतात, म्हणून जोडणीचा अडॅप्टरही हवा. विमानात जैन भोजन हवे असल्यास तिकिटावर आधीच नोंद करावी. व्हीजेएमएल हे त्याचे संकेताक्षर. निघण्याच्या दिवशी सांगून उपयोग होत नाही.

आता व्याह्यांच्या त्या रात्रीकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयोजकांच्या मदत कक्षात गेलो. तेथील मुलीने नोंदणी-अर्ज काढून दाखवला. आहाराचा रकाना मी कोराच सोडला होता! “सर, यात लिहिले असते तर सायंकाळी सहाला डबा तयार ठेवला असता,” ती म्हणाली. मी तेथेच लिहून दिले: कांदा, लसूण, बटाटा, कंदमुळे, अंडे नको, सूर्यास्तापूर्वी भोजन हवे. त्या दिवसापासून सहा वाजता सभागृहाबाहेरच्या बाकावर दोन डबे येऊ लागले. व्याही जेवून, पाणी पिऊन पुन्हा आत जात आणि रात्रीच्या मेजवानीत सर्वांशी गप्पा मारत बसत.

तेव्हा नोंदणी-अर्ज भरताना तो रकाना प्रथम भरावा, आणि घरातील ज्येष्ठांना विचारून भरावा. हॉटेल आणि तिकीट त्यानंतर.

प्रवास सुखाचा होवो. जय जिनेंद्र.